सरावाची सही

शनि. १० जाने.
आज पुरस्काराच्या मुख्य भ्रमंतीआधीची सराव-भ्रमंती होती. झाली नाही. चारही पोरं सातला बूट-बाटल्या घेऊन रोह्याजवळ वरसेच्या पुरस्कार-केंद्रावर हजर, आणि साळवी सरांचा पेणहून फोन. "मॅडम, पाहुणे आजच येतायत. मुलांना थांबवून घ्या." साळवी पेण-रोहा दोन्ही केंद्रांचे प्रमुख, म्हणजे तिकडे बसून इकडे हुकूम. पोरांनी दिवसभर सतरंज्या घातल्या, गुलाब वाटले. पाहुण्यांनी 'युवा पुरस्कार आणि स्वावलंबन' यावर पाऊण तास घेतला. चहाही पोरांनीच केला. डोकं फिरलंय माझं.
प्रणाली बिचारी यासाठी मुद्दाम मावशीकडे येऊन राहिलेली. कासूच्या पलीकडे खाडीकाठी गाव तिचं. बाकी तिघं रोह्याची, चिखलात पाय न घातलेली.

सोम. १९ जाने.
पुढचा शनि-रवि मिळालाच नाही. कुणाचा क्लास, कुणाचं लग्न. ३१ पर्यंत पोर्टलवर भरलं नाही तर चौघांचा रौप्य पुरस्कार गेला. सराव भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. सा. म्हणाले, "भरून टाका हो. खाडीकाठचीच पोरं आहेत." खाडीकाठची एकच आहे, म्हटलं. "मग ती दाखवेल बाकीच्यांना."
भरलं. 'सराव-भ्रमंती, १० जाने., खाडीच्या बांधावरून बारा कि.मी., समाधानकारक.' खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही. बावीस वर्षं शाळेत कॉपी पकडली मी. लाज वाटली, पण केलीच.

मंगळ. २७ जाने.
प्रणालीचे बाबा संमतीपत्र द्यायला आले. मिठागरावर असतात, पायाला मीठ तसंच. खुर्चीवर बसेनात. कागद वाचला नाही, एवढंच विचारलं, "कंच्या तिथीला नेताय?"
रविवारी, म्हटलं. एक तारीख.
"पुनव हाय त्या दिशी. उधाण."
मग म्हणाले, "बांधाला मधी खांड हाय. फुटला व्हता तिथं माती टाकलीय नुसती. पण तुमी सरावाला नेलंत ना पोरांना त्याच्यावरून?"
"हो."
"मंग झालं. मला काय चिंता नाय." अंगठा नाही, सही केली. मोठ्या अक्षरात, सावकाश.
प्रणाली दाराशी उभी होती. घरी तिनेही तेच सांगितलेलं दिसतंय. माझ्याकडे बघेना. बाबा गेल्यावर म्हणाली, "मॅडम, सांगू नका हां. ते पाठवणार नायत मग." गावातून या पुरस्काराला बसलेली ही पहिलीच. जिल्ह्याच्या शिबिराचं स्वप्न बघतेय पोरगी.
सांगायला हवं होतं. संमतीपत्र फायलीला लावलं.

बुध. २८
सा.ना फोन. तारीख बदला, पौर्णिमा आहे. "मॅडम, सुट्टी रविवारी असते, तिथीवर नसते." स्वतःच हसले. ३१ ला नियोजन भरायचं, १ ला भ्रमंती, ठरलं ते ठरलं.

गुरु. २९
स्वतःच जाऊन आले शेवटी. प्रणाली बरोबर. ओहोटी होती. बांध उन्हात वाळलेला, खेकड्यांच्या बिळांनी चाळण झालेली. खांडीवर मातीच्या गोण्या. पाय ठेवला तर गोणी हलली. मी मागे सरकले, प्रणाली तुरुतुरु पलीकडे. "काय नाय मॅडम, या!" नाही गेले. खाली घोट्याएवढंच पाणी होतं, तरी.
मोबाईलवर भरती बघितली. रविवारी ११.५५. मग ठरवलं: खांडीच्या अलीकडे साडेबारापर्यंत थांबायचं, पाणी उतरायला लागलं की ओलांडायची. सगळ्यांच्या वहीत लिहून दिलं. आता बरं वाटतंय. म्हणजे, वाटायला हवं.

रवि. १ फेब्रु. सकाळी ८.४०
पोरं निघाली. नियमाप्रमाणे मोठ्यांनी बरोबर जायचं नाही. मोबाईल पाकिटात बंद, अडचणीलाच उघडायचं. सा. आले, झेंडा दाखवला, फोटो काढले, पेणला कार्यक्रम म्हणून गेले. मी रिक्षाने बांधाच्या शेवटच्या टोकाला, रस्त्याकडच्या मोरीवर. निरीक्षण-नोंद करायची म्हणून वही जवळ.

१२.५०
आत्ता ओलांडत असतील. दोनपर्यंत इथे यायला हवीत.

१.२०
पाणी चढतंय. मघाशी मोरीखालचा दगड दिसत होता, आता नाही. मोबाईल म्हणतो तासाभरापूर्वीच उतरायला लागलं. मग हे काय आहे?
पोरांचा मोबाईल बंद. सा. फोन उचलत नाहीत.

१.३५
प्रणालीचे बाबा सायकलवरून आले, मिठागरावरून थेट. मी मोबाईल दाखवला.
"हे मुंबईचं पाणी मॅडम. आमच्या खाडीत आत यायला त्याला वरती तास-सव्वा तास लागतोय. आत्ता तर भरलंय."
हे मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलं नाही.
ते बांधाकडे बघत होते. म्हणाले, "सरावाला भांगाचं पाणी व्हतं, सातम-आठमचं, कमी चढणारं. तवा कुठं थांबली व्हती पोरं? तिथंच थांबली असतील."
धीर देत होते. मला!
सांगितलं. "सराव झालाच नाही. मी खोटं लिहिलं."
ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "पोरीला ठावं व्हतं?"
हो म्हटलं. त्यांनी सदरा काढून सायकलच्या हँडलला अडकवला, कुंपणाचा बांबू उपटला आणि बांधावर चढले.

१.५०
त्यांच्या गावात फोन लागला. होडी काढतो म्हणाले. पोलिसांनाही कळवलं. नाव विचारलं, पद विचारलं. 'मार्गदर्शक' म्हटलं.

२.१५
खांडीच्या पलीकडे बांधाचा तुकडा तेवढा वर आहे, दोन्ही बाजूंना पाणी. म्हणजे मागेही फुटलाय. त्याच्यावर पिवळ्या टोप्या दिसल्या. देवा! हात हलवतायत. रडू आलं मला.
तीन आहेत. परत मोजल्या. तीनच.
प्रणालीचे बाबा खांडीपाशी पोचलेत, हाका मारतायत. वारा इकडून तिकडे, उत्तर काय आलं ते ऐकू येत नाही. ते पाण्यात उतरले.
चौघांत पोहता येणारी एकटी प्रणाली. मदत आणायला पोहत गेली असेल. तशीच आहे ती, थांबायची नाही.
होडी अजून दिसत नाही. मार्गदर्शकाने जागा सोडायची नाही असा नियम आहे. खड्ड्यात गेला नियम. वही इथेच मोरीवर ठेवतेय, दगड ठेवून, १९ तारखेचं पान उघडं. ज्याला मिळेल त्याने वाचावं. मी बांधावर जातेय.