मामाचा उजवा खांदा

स्टुटगार्ट,
रविवार, २३ मार्च २०१४

तीर्थस्वरूप सौ. कुसुमअक्कास,

शशिकांतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणतोय, पण उजवा खांदा वगळून सातच अंगांनी घातलेला समज. कारण पुढे येतंच आहे.)

इकडे आम्ही तिघं ठीक. तिकडेही सगळे बरे असतील असं धरून चालतो. यशवंतदाजींचं ब्लडप्रेशर कसं आहे? लग्नाचा आचारी ठरवायच्या निमित्ताने ते मिरजभर जिलब्या चाखत फिरत असतील, तर माझ्या वतीने त्यांना एकदा ओरड. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण तू 'उत्तम' लिहिणार आणि आठ दिवसांनी दुसऱ्या कुणाकडून तरी मला खरं कळणार. चि. ईप्सिताला अनेक आशीर्वाद. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं हे मला कळतं. पण फोनवर मी नुसतं 'हॅलो' म्हटलं की तू 'काय झालं?' म्हणतेस आणि मग माझं सगळं बाहेर पडतं. म्हणून कागद बरा.

तर मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. दहा मेला ईप्सिताला बोहल्यावर आणायला मी येऊ शकेन असं दिसत नाही. उजवा खांदा दुखावला आहे. डॉक्टरांनी सहा-सात आठवडे जपायला सांगितलंय, आणि विमानात वरच्या कप्प्यात बॅग टाकायचीसुद्धा मनाई आहे. तिला सख्खा मामा मी एकटाच, हे मला ठाऊक आहे. चार वर्षांची असताना गणपती बघायला मी तिला खांद्यावर बसवून नेलं होतं आणि 'लग्नात पण असंच न्यायचं' असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, हेही ठाऊक आहे. (खांदा हाच. उजवा.) तर तू दीनानाथला विचारावंस असं सुचवतो. चुलत असला तरी मामाच आहे, आणि फेटा त्याला माझ्यापेक्षा बरा दिसतो. आता खांदा दुखावला कसा ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुझी खात्री पटेल.

तुझी भाची इरा आता पंधरा वर्षांची आहे. तिच्याशी मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि ते उत्तरही बहुधा 'पास्ट शोन' एवढंच असतं. म्हणजे 'चालतंय'. शाळा कशी आहे? पास्ट शोन. जेवलीस का? पास्ट शोन. गावात गेलो की माझ्यापुढे दहा पावलं चालते, कुणाला शंका येऊ नये म्हणून. (तू पाठवलेलं बाराखडीचं पुस्तक तिच्या कपाटात आहे. त्याच्यावर तिने एक निवडुंग ठेवला आहे.) दीड वर्षापूर्वी ही मुलगी आमच्या त्सुफेनहाउझेनच्या एका छोट्याशा क्लबात चिनी युद्धकला शिकायला जाऊ लागली. मला वाटलं हवेत उड्या मारणं वगैरे असेल. तसं काही नाही. तिथे शिकवतात त्याला म्हणतात छिन-ना. समोरच्याचा सांधा पकडायचा, त्याला जायचं नसेल त्या दिशेला अर्धा इंच न्यायचा, आणि मग तो माणूस आपण म्हणू ते सगळं कबूल करतो. दाजींना सांग, कुस्तीत जसे डाव आणि डावाला तोड, तसंच हे. फक्त इथे लंगोट नाही आणि खुराकही नाही. क्लास सुटल्यावर मशीनची कॉफी मिळते.

गुरुजींचं नाव हेर हेबर्ले. चाळीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, अतिशय सभ्य माणूस. वर्गात सात जण होते आणि शिकायचं जोडीनं, त्यामुळे इरा उरायची. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी निरोप पाठवला की घरातलं कुणीतरी जोडीदार म्हणून येऊ शकेल का. ऊर्मिलेची गुरुवारी उशिरापर्यंत ड्यूटी असते, म्हणून मी. निघताना ऊर्मिलेने बजावलं की तो ट्रामवाला असो नाहीतर कोणी असो, विद्या देतो म्हणजे गुरू, तर जरा रीत पाळा.

मी रीत पाळली. हेबर्ले दारापाशी पाठमोरे उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. मी मागून गेलो आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

अक्का, आपल्याकडे पाठीमागून कुणी घोट्याला हात लावला तर माणूस न बघता 'आयुष्मान भव' म्हणतो. तीस वर्षं छिन-ना केलेला माणूस तसं म्हणत नाही. काय झालं ते मला नीटसं सांगता येणार नाही, कारण मी तिथे असूनही ते माझ्या नजरेतून सुटलं. आधी मनगट गेलं, मग कोपर गेलं, आणि मग माझा गाल व्यायामशाळेच्या हिरव्या फरशीवर होता आणि पाठीवर हेबर्लेंचा गुडघा. (फरशी स्वच्छ होती. या लोकांचं मानलं पाहिजे.) तेवढ्यात माझी मुलगी पुढे आली आणि गुरुजींना म्हणाली, "डास इस्ट नूर हालो." म्हणजे, हे नुसतं हॅलो आहे. आपली एवढी मोठी गुरुपरंपरा तिने चार शब्दांत बसवली, पण गुडघा उठला हे खरं.

हेबर्ले लाजेने लालबुंद झाले. मला कॉफी दिली, स्वतःचा मफलर दिला, दोनदा क्षमा मागितली. आणि मग म्हणाले की ते हॅलो पुन्हा एकदा सावकाश करून दाखवाल का. मी दाखवलं. त्यांनी मला आणखी एकदा सावकाश आडवं केलं. मग सगळ्या वर्गाने आळीपाळीने वाकून नमस्कार केला आणि आळीपाळीने आडवे झाले. बेकरीत काम करणारी एक बाई तर जाताना मला आनंदाने नमस्कार करून गेली. मी 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हापासून मी दर गुरुवारी जातो. तुला माहीतच आहे की मी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासण्याच्या खात्यात आहे. बिजागरी किती अंशांपर्यंत उघडते आणि त्यापुढे ढकलली तर काय होतं, याचं मी पंधरा वर्षं खातो. त्यामुळे कोपर ही काय चीज आहे ते मला पहिल्या दिवशी कळलं. अडचण एवढीच की बिजागरीला दुखत नाही. डाव कळायला मला अडचण आली नाही, तोड काही केल्या कळेना. इराने मनगट धरून पिरगाळलं की मी हात मागे ओढायचो, आणि जितका ओढायचो तितका अडकायचो. (तू मला शाळेत नेताना असंच मनगट धरायचीस. मी हिसडे द्यायचो आणि तू रस्ता ओलांडून होईपर्यंत सोडायची नाहीस. चाळीस वर्षं झाली, पण त्या पकडीला तोड अजून कुणाला सापडलेली नाही, हेबर्लेंनाही नाही.) शेवटी हेबर्ले मला म्हणाले, "दूर नको जाऊस, शाशी. जवळ जा." म्हणजे ज्याने हात धरलाय त्याच्याकडेच एक पाऊल टाकायचं, कोपर खाली सोडायचं आणि वाकायचं. पकडायला जागाच उरत नाही, हात आपोआप मोकळा होतो. करून बघितलं, तर तो आपला वाकून नमस्कारच निघाला. आता क्लबात त्या तोडीला 'इंडियन हॅलो' म्हणतात, आणि ती माझ्यापेक्षा इराला चांगली जमते.

आणखी एक सांगायचं राहिलं. सांधा फारच दुखला तर समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं असा नियम आहे. थोपटलं की त्याने लगेच सोडायचं. आता इराचा डाव नेमका बसला, आणि तो माझ्यावरच बसला असला तरी, मला कौतुक वाटतंच. माझा मोकळा हात नकळत तिच्या पाठीवर जातो आणि शाबास म्हणून दोन थापा देतो. ती ताबडतोब सोडते. दर गुरुवारी आठ-दहा वेळा असं होतं. ती समजते बाबा हरले. मी तसं समजू देतो.

लिहायला संकोच वाटतो, अक्का, पण मी आता शुक्रवार सकाळपासून गुरुवारची वाट बघतो. ज्या मुलीला माझ्याबरोबर ट्रामच्या एका बाकावर बसायची लाज वाटते, ती दीड तास माझा हात हातात धरून असते. पिरगाळायला का होईना.

आता खांदा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमची केअरवोखे होती. ही इथली पद्धत अशी की इमारतीतल्या प्रत्येक कुटुंबाने पाळीपाळीने एकेक आठवडा सगळा जिना झाडून पुसायचा. दारावर पाटी येऊन लटकते आणि तळमजल्यावरच्या फ्राउ आइझेले लक्ष ठेवतात. मी दुसऱ्या मजल्यावर फडकं मारत होतो. इरा शाळेतून आली आणि, अक्का, स्वतःहून मराठीत म्हणाली, "बाबा, हात दे." एवढंच म्हणाली. मी फडकं टाकलं आणि हात दिला. तिला एक नवा डाव करून बघायचा होता, मनगटावरून थेट खांद्यात जाणारा. तो बसला. मी शिकवल्याप्रमाणे तिच्या दिशेने पाऊल टाकलं, पण ते मीच पुसलेल्या ओल्या पायरीवर पडलं. पुढच्या सहा पायऱ्या मी खांद्याने मोजल्या.

माझी आरोळी ऐकून फ्राउ आइझेले वर आल्या. मी पायऱ्यांवर आडवा, पोरीच्या हातात अजून माझं मनगट, बादली कलंडलेली. मला वाटलं आता पोलीस येतात. पण त्या एवढंच म्हणाल्या की कठड्याच्या खालचा भाग राहिलाय. इराने माझा हात हळूच खाली ठेवला आणि कठडा पुसला.

असा सगळा प्रकार आहे. आता तूच सांग, अशा खांद्याने मी नवरीला कसा आणू? दीनानाथला आजच विचारून टाक. ईप्सिताला माझ्यावर रागावू देऊ नकोस. रागावलीच तर मला कळवू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
शशा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. खांदा बरा आहे, अक्का. डॉक्टरांनी सांगितलं होतं एकच आठवडा, आणि त्याला तीन होऊन गेले. खरं कारण असं की दहा मेलाच इराची परीक्षा आहे, आणि हेबर्लेंचा नियम आहे की ज्याच्याबरोबर शिकलात त्याच्याबरोबरच परीक्षा द्यायची. म्हणजे मी नसलो तर तिची परीक्षा नाही. झाली की ती मोठ्यांच्या मंगळवारच्या वर्गात जाणार. तिथे तिला दुसरे जोडीदार मिळतील आणि माझे गुरुवार संपतील. ती परीक्षा तरी तिच्याबरोबर द्यायची होती. तू म्हणशील तसं करीन. 'ये' म्हणालीस तर येईन आणि इराला मीच सांगेन. फक्त फोन करू नकोस, लिहून कळव.

ता. क. २. ऊर्मिलेला यातलं काही माहीत नाही. ती तिघांच्या बॅगांचं वजन दुसऱ्यांदा करते आहे.

ता. क. ३ (मी इरा लिहिते)

प्रिय आत्या, बाबांनी मला पत्र पोस्टात टाकायला दिलं. पाकीट उघडं होतं. मी वाचलं. दोन तास लागले. निवडुंग बाजूला ठेवून तुझं पुस्तक पण घ्यावं लागलं, जोडाक्षरांसाठी.

मी हेर हेबर्ले यांना फोन केला. ते म्हणाले तारीख बदलत नाही. मी विचारलं, मामा म्हणजे काय तुम्हाला माहीत आहे का? मग मी समजावलं. मग ते म्हणाले, आल्झो, म्हणजे बरं तर, परीक्षा ऑक्टोबरमध्ये घेऊ. बाबांना मी सांगणार आहे की मेमध्ये हॉलची फरशी दुरुस्त होणार आहे. तू पण तसंच सांग. आम्ही तिघं येतो. दीनानाथकाकांना फेटा बांधू नको म्हणावं. ईप्सिताताईला सांग, खांदा एकदम चांगला आहे, मी दर गुरुवारी बघते.

ऑक्टोबरपर्यंत गुरुवार चालू आहेत. मला मराठी वाचता येतं हे बाबांना सांगू नकोस.

आणि ते थोपटतात ना, ती शाबास असते हे मला पहिल्यापासून माहीत आहे. पण सोडलं की ते परत हात पुढे करतात. म्हणून सोडते.