चार नळांचा शब्द

दौंड,
१२ जानेवारी १९७५

चि. सौ. भामास,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

आज दुपारी नळाखाली मेथी धुताना कॉन्व्हेंटची ओसरी आठवली. मधल्या सुट्टीत आपण हात धुवायच्या रांगेत उभ्या असायचो, आणि तू मागून माझ्या वेणीची रिबीन सोडून स्वतःच्या मनगटाला बांधायचीस. मदर आधी रागवायच्या, मग स्वतःच माझी वेणी घालून द्यायच्या, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. त्यात विशेष काही नाही, उगाच आठवलं.

रविवारी तुझी विशाखा आणि जावईबापू कासुर्डीहून आले होते. मी तिला तपासलं. पाचवा चांगला चाललाय. शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकरी याशिवाय काही गोड लागत नाही म्हणते. तुझीच लेक!

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. पण तिचे दिवस मे महिन्यात भरतात. तेव्हा नदी उतरलेली असते आणि तुमच्या नळाला पाणी येतं ते नदीचंच, न गाळता. असल्या पाण्यानं कावीळ झालेल्या पोटुशी बायका मी रेल्वेच्या दवाखान्यात सांभाळल्या आहेत. त्यांतल्या सगळ्या घरी गेल्या नाहीत. जास्त लिहीत नाही. आमच्या कॉलनीला गाळलेलं पाणी आहे. सातवा लागला की तिला माझ्याकडे पाठव. तू नगरपालिकेत मोठी सभासद असशील, पण घरात अजून मीच थोरली आहे.

मास्तरांना जयभीम सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का


शिरूर,
२६ जानेवारी १९७५

ती. आक्कास,
भामाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. आमच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचलं आणि शिळ्या भाकरीपाशी माझ्याकडे बघून हसले.

आक्का, इथली गोष्ट तुला ठाऊक नाही म्हणून लिहिते. यंदा नगरपालिकेकडे एकाच मोठ्या कामापुरता पैसा आहे. नदीकाठी पाणी गाळायचा फिल्टर बांधायचा, की तो लांबवून नळ आणि रस्ते करायचे, हे मार्चच्या सभेत ठरेल. आपल्या वस्तीला एकच नळ आहे, तोही लाइनीच्या शेवटाला. बायका पहाटेपासून हंडे लावतात आणि भांडणं माझ्या दारात येतात. मी अध्यक्षांकडे, मारुतरावांकडे गेले. ते म्हणाले, बाई, फिल्टर पुढं ढकलायला हात वर करा, मी तुमच्या वस्तीला चार नळ देतो. मी शब्द दिला. वस्तीत साखर वाटली गेली. शेजारच्या ताईबाईनं तर नळ कुठं बसवायचा तिथं चुन्याची रेघसुद्धा ओढून ठेवलीय.

आता मीच लेकीला पाण्यासाठी दौंडला धाडलं, तर लोक काय म्हणतील? भामाबाईनं आम्हाला नळ दिले आन् सोताच्या लेकीला रेल्वेचं पाणी. तेव्हा विशाखा इथंच येईल. मी पाणी उकळून देईन. रॉकेल मिळत नाही, पण मास्तर लाकडं फोडतील. त्यांनाही तेवढाच व्यायाम.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
भामा


दौंड,
४ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. भामास,
अ. उ. आ.

रागावले नाही. दवाखान्यातून मोडीत निघालेली लोखंडी कॉट मात्र घेऊन ठेवली आहे आणि तिला रंगही दिला आहे. हिरवाच मिळाला.

पाणी तू उकळशील, यात मला शंका नाही. पण विशाखा डोहाळजेवणाला दहा घरी जाईल. प्रत्येक दारात आधी तांब्या पुढे येईल. तिला नको म्हणता येईल का? आपल्या घरात पाण्याला नको म्हणायला कुणी कुणाला शिकवलेलं नाही. आपल्या आईच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, ते तू पाहिलं आहेस. तेव्हापासून आपल्या लोकांत समोर आलेलं पाणी परतवणं म्हणजे तोंडावर मारणं. तुझी लेक ते करणार नाही, आणि तिनं करू नये असंच मलाही वाटतं. मग उकळलेल्या पाण्याचा उपयोग काय?

त्या चार नळांतून काय येणार आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. उत्तर मला देऊ नकोस.

लोभ आहेच, तो लिहून मागायला नको.

आक्का


शिरूर,
१७ मार्च १९७५

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

घडलं ते सांगते. मागच्या आठवड्यात विशाखा चार दिवस राहायला आली. एस. टी. तून उतरून घरी येईपर्यंत ताईबाईनं तिला वाटेत गाठलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि हातात पेला दिला. पोरीनं एका दमात संपवला आणि आणखी मागितला. मी शेजारी उभी होते. ताईबाईला नको कसं म्हणू? घरी आल्यावर मी तुझं पत्र पुन्हा वाचलं.

परवा सभा झाली. फिल्टर पुढं ढकलण्याच्या बाजूचे हात वर झाले, त्यात माझा नव्हता. मारुतरावांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, की बाईंनी शब्द दिला होता, मला वाटतं बाई विसरल्या. मी म्हणाले, विसरले नाही, मोडते आहे. बाजारतळाला फरशी हवी असलेले बबनराव उठले. त्यांनी विचारलं, की बाईंची लेक बाळंतपणाला येणार म्हणून ऐकतो, ती शिरूरला का आणखी कुठं? सगळे हसले. मी सांगितलं, दौंडला, माझ्या बहिणीकडे, कारण तिथलं पाणी गाळलेलं आहे. मला बहीण आहे म्हणून मी तिला पाठवते. तुमच्या सुनांना कुठं पाठवणार ते तुमचं तुम्ही बघा. बबनरावांनी खाली बसून पानाचा डबा उघडला.

फिल्टर एका मताच्या फरकानं मंजूर झाला. बांधायला दोन वर्षं लागतील. चार नळ गेले. मारुतराव जाताना म्हणाले, शब्द तुम्ही मोडलात, मी नाही. त्यांचं खरंच आहे.

वस्तीतलं लिहायला जड जातं. संध्याकाळी ताईबाई आली, उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, नळ बी घालवलेस आन् लेक बी पाठीवतीस व्हय? माझ्या सुनंला, सखूला चौथा हाय. तिनं कुठं जावं गं, तिची का कुणी मावशी हाय दौंडला? मी फिल्टरचं सांगू लागले, तर म्हणाली, पोर काय दोन वरसं पोटात थांबतंय? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. इतर बायकाही रांगेत माझ्या हंड्याला जागा देतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. चुन्याची रेघ तशीच आहे.

विशाखा गुरुवारच्या गाडीनं तुझ्याकडे येते आहे. तिला सांभाळ. माझं काय चुकलं आणि काय बरोबर, ते मला अजून वेगळं करता येत नाही.

तुझी,
भामा


दौंड,
२० मे १९७५

चि. सौ. भामास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल पहाटे विशाखाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. पोरगी काळीसावळी, जावळ भरपूर, आणि आवाज असा की शेजारचे गार्डसाहेब शिट्टी समजून उठले. तुला यायला जमलं नाही, त्याची खंत करू नकोस. मास्तरांचा पाय बरा झाला की ये.

तुझ्या मागच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण तुझं काय चुकलं ते मलाही सांगता येईना. तू फिल्टर मिळवलास हे चांगलं. पण ताईबाईनं विचारलं तेही चूक नाही. तुझ्या लेकीसाठी वाट निघाली आणि तिच्या सुनेसाठी नाही. त्यावर सभेत बोलून उपयोग नाही. म्हणून जावईबापूंबरोबर सामान पाठवते आहे, ते मी लिहिते तसंच वाट.

पेढ्यांचा पहिला पुडा ताईबाईला. तू स्वतः घेऊन जा, मास्तरांना पाठवू नकोस. ती आत बोलावणार नाही, तरी दारात उभी राहा. पाणी पुढं केलं तर पी.

दुसरा पुडा मारुतरावांना. त्यांनी आपला शब्द पाळायची तयारी ठेवली होती, त्याचा मान. बबनरावांना पानाबरोबर खायला बडीशेप.

निळी लोकरीची झबली ज्या घरात थंडीत बाळ येणार असेल तिथे. पिवळं टोपडं सखूला. सखूला सातवा लागला की तिला माझ्याकडे पाठव. क्वार्टर रेल्वेचं असलं तरी व्हरांडा मोठा आहे, आणि कॉलनीत माझ्याकडे कोण राहतं ते कुणी विचारत नाही. ताईबाईनंही सोबत यावं, म्हणजे सून माझ्या हाती एकटी सोडल्याचा घोर तिला राहणार नाही. विशाखा सव्वा महिन्यानं कासुर्डीला जाईल, तेव्हा हिरवी कॉट सखूची.

माझी प्रकृती बरी आहे, निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. तोवर तुमचा फिल्टर सुरू होईल, न झाल्यास भांडायला तू आहेसच.

सर्वांवर होता तसाच जीव ठेव.

तुझी,
आक्का

ता. क. सखूनंतर कॉट कुणाला द्यायची, ते तू ठरवू नकोस. ताईबाईला ठरवू दे.