पाटाखालची ओळ

बाबा, नदीपलीकडच्या अष्टमी गावची आत्या गेली. मागच्या आठवड्यात. मी पूल ओलांडून गेले, पाया पडले आणि कुणाशी न बोलता परत आले. घरात मी तुम्हांला अरे-तुरेच करायचे, कागदावर मात्र हात ‘तुम्ही’ लिहितोय. धाटावच्या कंपनीत टाइम ऑफिसला जन्म काढल्यावर हाताला असलीच वळणं राहतात. तुम्हांला जाऊन वीस वर्षं झाली आणि सांगायचं ते तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं. हे पत्र तेव्हा लिहिलं असतं तरी वाचून दाखवायला तुम्ही मलाच बोलावलं असतंत, म्हणून तेव्हाही लिहिलं नाही.

हमरापूरच्या आपल्या गणपतींच्या कारखान्यात आषाढ लागला की पाट यायला लागायचे. ज्याचा गणपती त्याचा पाट, आणि कुणाचा कुठला ते कळावं म्हणून पाटाच्या खालच्या अंगाला रंगानं नाव लिहायचं. तुम्हांला अक्षरओळख नव्हती. मूर्तीचे डोळे आखताना तुम्ही श्वास रोखून बसायचात, सगळ्या पेणमध्ये तुमच्या आखणीचं नाव होतं, आणि पाट उचलला की मला हाक मारायचात, “ह्यो कुणाचा गो, वाच.” चौथीतल्या पोरीच्या डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं. नाव लिहून झाल्यावर ब्रशाला थोडा रंग उरायचा. तो पुसून टाकण्यापेक्षा मी नावाखाली एखादी ओळ लिहायला लागले. मूर्ती बसली की खालचं कोण बघतंय? विसर्जन करून रिकामा पाट घरी आणतात, पुसायला उलटा करतात, तेव्हाच ती दिसणार. वाण्याच्या पाटावर मी लिहिलं होतं, ‘या घरी उंदराला मोदक मिळत नाही.’ वाणी हसत सांगायला आला, तुम्हीही हसलात, तिथंच माझं फावलं.

आत्या आपल्या गावची माहेरवाशीण, म्हणून सगळ्या गावाची आत्या. लग्न होऊन रोह्याजवळ अष्टमीला गेली, लवकर विधवा झाली. एकुलता एक मुलगा परीक्षेत नापास होऊन घरातून निघून गेला तो गेलाच, चिठ्ठी नाही की निरोप नाही. तिनं गणपती मात्र बंद केला नाही. तिचा भाऊ तिचा पाट घेऊन आपल्याकडे यायचा. पहिल्या वर्षी मी त्यावर लिहिलं, ‘तो निघाला आहे. वाटेतला पूल वाहून गेलाय, म्हणून थांबलाय.’ मला काय माहीत होतं? काहीच नाही. पुढच्या वर्षी तिच्या भावानं पाट ठेवला आणि म्हणाला, “तिनं सांगितलंय, पोरीला म्हणावं, फुडचं लिव.” बाबा, त्या एका निरोपानं मला जे झालं ते कसं सांगू. माझं लिहिलेलं कुणीतरी शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं होतं, वर्षभर मनात ठेवलं होतं आणि आता पुढचं मागत होतं. आठवडाभर शाळेत जाता-येता मी त्या न पाहिलेल्या मुलाला चालवत होते. मग लिहिलं, ‘पूल झाला. पण त्याच्या चपला तुटल्यात. आईसमोर अनवाणी कसा येणार, म्हणून नव्या घ्यायला थांबलाय.’ त्या चपला मला कुठून सुचल्या कोण जाणे. लिहून झाल्यावर मी कारखान्यात उभी राहून एकटीच हसत होते.

पुढच्या वैशाखात तिचा भाऊ पाट न घेताच आला. तुम्ही साचे धूत होतात. खाली रत्नागिरीच्या बाजूला एका तरण्या मुलाचं प्रेत सापडलं होतं. पोलीस प्रेत आणि अंगावरचे कपडे आणखी चार दिवस ठेवणार होते, ओळखायला या असा त्यांचा निरोप होता. शर्ट घरी शिवलेला दिसत होता. आत्या मुलाचे शर्ट स्वतः शिवायची, तेव्हा ती टाके ओळखणार, दुसरं कोण ओळखणार?

“चल म्हणतोय तर उठत नाय,” तो म्हणाला. “पाट उलटा करून दावते. म्हणते, माझा चपला घ्यायला थांबलाय. ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी असंल.”

तुम्ही माझ्याकडे वळलात. “काय लिवलंस गो तू?”

मला दोन्ही वर्षांचं तोंडपाठ होतं, ते म्हणून दाखवलं. तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही हात पुसलेत आणि हळूच म्हणालात, “उद्याच्या गाडीनं याच्याबरोबर जा. तिला सांग, ह्ये माझ्या मनचं हाय, मला कायपण ठावं नाय. तुझ्याच तोंडानं सांग. नाय सांगितलंस तर ती उठायची नाय.”

दुसऱ्या दिवशी मी जाऊन आले. तुम्ही विचारलंत, “सांगितलंस?” मी म्हटलं, “सांगितलं.” तरी आत्या कपडे बघायला गेली नाही. सांगूनही बाई ऐकत नाही, असं तुम्ही समजलात. चार दिवस संपले, बेवारस म्हणून त्या मुलाला अग्नी दिला. तो तिचा होता की नव्हता, हे कुणालाच कधी कळलं नाही. तुम्ही मला पेणहून दोनशे पानी वही आणून दिलीत. म्हणालात, “ह्यात लिव आता. वहीतलं कुणाला लागत नाय.” खरं बोलल्याचं बक्षीस होतं ते. त्या वहीत मी एक अक्षर लिहिलं नाही, आणि पाटांवर त्यानंतर फक्त नावं लिहिली.

मग तुम्ही मला रोह्यातच दिलीत. आत्या नदीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. बाजारात गाठ पडली की पिशवी खाली ठेवून विचारायची, “काय गो, फुडं काय?” आधी मी काहीतरी सांगायचे. नंतर घाई आहे म्हणायला लागले. नंतर लांबून ती दिसली की दुसऱ्या गल्लीत वळायचे. कंपनीत कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एवढंच लिहिलं. घडलं तेवढंच लिहायचं, हे काम मला फार आवडलं असं लोकांना वाटायचं. कधी एखादी ओळ सुचली, चांगली, नेमकी, तर पेन खाली ठेवायचे. अजून ठेवते. आता कुणी पुढचं विचारणार नाही, म्हणून सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटत नाही.

तुम्ही मला आत्याकडे पाठवलंत त्या दिवशी तिचा भाऊ मला दारात सोडून गाडीची वेळ बघायला स्टँडवर गेला. आत्यानं मला तांदळाची भाकरी वाढली, पाट आणून समोर उलटा ठेवला आणि म्हणाली, “आज तुझ्या तोंडून ऐकते. वाच.” मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “फुडं?” बाबा, मी सांगणार होते. शपथेवर सांगते, तोंड त्याचसाठी उघडलं होतं. पण बाहेर आलं ते हे, की चपला घेतल्या, पण पैसे कमी पडले म्हणून तो सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला राहिलाय, आणि मालक त्याला ‘मास्तर’ म्हणून चिडवतो. आत्या हसली. भाऊ परत येईपर्यंत मी सांगत राहिले, आणि निघताना त्यालाही ‘सांगितलं’ म्हटलं.

पेणच्या गाडीत मला खिडकी मिळाली. कुठेतरी एक शर्ट आईच्या डोळ्यांची वाट बघत पडलाय हे मला माहीत होतं, मी काही लहान नव्हते. तरी नागोठणं येईपर्यंत त्या पोराला सायकलच्या दुकानातून उठवून पुढे कुठे न्यायचं, याचाच मी विचार करत होते. त्या गाडीत मी जेवढी सुखात होते, तेवढी नंतर कधीच नव्हते.