काळीचे शॉकअप

मी, खाली सही करणारी, धंद्याने मोटारींच्या सीटा शिवणारी, पलंगावर आडवी असले तरी पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघाड आहे तो पाठीच्या मणक्यांत. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. सध्या या घरात कोणी कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीतच नाही, त्यामुळे तशी शंका कोणी घेऊ नये. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते लिहिताना मला आशा होती, आणि आशेपायी माणूस कागदावरही बरेच काही वेडेपणाने लिहितो.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, रस्त्याकडचे दुकान आणि मागची पत्र्याची शेड, मुलगा आणि सून या दोघांच्या नावाने करावे. एकट्या मुलाच्या नावाने करू नये. मुलगा मनाने चांगला आहे, पण रागाच्या भरात काय विकून टाकेल याचा नेम नाही. मागच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते आणि बंद होत नाही. ती रंधा मारून घ्या, असे मी सांगत आले आहे आणि आता कायद्याने सांगत आहे.

२. बँकेत जे काही उरेल त्यातून आधी दवाखान्याचे बिल भागवावे आणि बाकी सुनेला द्यावे. तिने त्याचे काय केले ते कोणी विचारू नये.

३. जाड सुईचे शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या, रेक्झिनचे तागे आणि उरलेले खरे चामडे हेही सुनेचेच. तिची शिवण अजून वळणावर घसरते, पण हात पक्का आहे आणि गिऱ्हाइकाशी भांडत नाही. हे दुसरे माझ्या अंगी कधी आले नाही. मशीनला महिन्यातून एकदा तेल द्यावे आणि मुलाला त्याच्या आसपास फिरकू देऊ नये.

४. आमचे हे असताना गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रंगाऱ्याने आमचा मोठा जॅक ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेला. हे गेले त्यालाही आता चार वर्षे झाली. तो जॅक मी त्यालाच देऊन टाकते. रोज दुकानावरून मान खाली घालून जाणारा माणूस बघून मला कंटाळा आला आहे. आता त्याने मान वर करून जावे. बघायला मी नसेन.

५. गाडी.

हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण भांडण हिच्यावरूनच आहे. लांबलचक बॉनेट, दोनच दारे आणि आठ सिलिंडरचे इंजिन असलेली ही जुनी गाडी. शौकीन लोक हिला मसल कार म्हणतात, आम्ही काळी म्हणतो. हे तिला भंगारातून घेऊन आले तेव्हा तिला दारेसुद्धा नव्हती. इंजिन यांनी उभे केले. पत्रा आणि सांगाडा भाऊजींनी, म्हणजे यांच्या धाकट्या भावाने केला. सीटा मी शिवल्या. यांच्या शेजारची सीट मी माझ्या पाठीच्या मापाने शिवली, आणि ते माप मी कोणाला विचारून घेतले नव्हते. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे टेकडीवरच्या वळणापर्यंत जायचो. तिथून सगळे शहर खाली दिसते. हे इंजिन बंद करायचे आणि आम्ही गप्प बसायचो. आमच्या संसारात एवढी एकच चैन होती आणि ती पुरेशी होती.

हे गेल्यावर काळी शेडमध्ये राहिली. मुलगा दर रविवारी इंजिन चालू करून बघतो, हे त्याचे मी मानते. पण त्याने यांच्या हाताने झिजलेले स्टिअरिंग काढून नवे छोटे बसवले. भाऊजी जुने स्टिअरिंग उचलून घरी घेऊन गेले आणि त्या दिवसापासून काका-पुतण्या एकमेकांशी बोलत नाहीत. स्टिअरिंगवरून! लोक जमिनीवरून भांडतात, सोन्यावरून भांडतात. आमच्या घरात तेवढीही अक्कल नाही.

मग माझे मणके निकामी होऊ लागले. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितले, “बसून थोडं फिरायला हरकत नाही. पण दणका बसता कामा नये. एक मोठा खड्डा लागला तरी मणका दबेल.” मी त्यांना विचारले, “गाडी मऊ चालली तर?” ते म्हणाले, “मऊ चालली तर जाऊन या.”

मला काळीतून, माझ्या सीटवर बसून, एकदा टेकडीवर जायचे होते. याखेरीज मी कोणाकडे काही मागितले नाही. आजारपणाचा एवढा तरी उपयोग होईल, दोघे एकत्र येतील, असे मला वाटले होते.

शेडमध्ये माझी खुर्ची ठेवली. मुलाने पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी खालीवर डुलतच राहिली. मुलगा म्हणाला, “बघ आई, शॉकअप मेलेत. चारही.”

दारात उभे असलेले भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, त्याला सांगा, हे मी दादा होता तेव्हापासून सांगतोय.”

“आई, काकांना सांग, आता गॅसचे टाकू. वळणावर गाडी झुकत नाही.”

“वहिनी, त्याला म्हणावं, कंपनीतून आली तेव्हा तेलाचे होते, तेलाचेच बसतील. दादाने दुसरं काही लावू दिलं नसतं.”

“बाबांनी जे चांगलं असेल ते लावलं असतं. काकांना विचार, बाबा काय संग्रहालय चालवत होते का?”

“अरे, मला शर्यत लावायची नाहीये,” मी म्हणाले, “आणि प्रदर्शनातही जायचं नाहीये. मला नुसतं बसून जायचंय. दणका न बसता. ते कशाने होईल तेवढं बघा.”

दोघांनी माना डोलावल्या आणि पुन्हा सुरू झाले. दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून मी एकाचे वाक्य दुसऱ्याला पोहोचवत होते. दोघांनाही एकमेकांचे स्पष्ट ऐकू येत होते.

यानंतर जे झाले ते दुसऱ्या कोणत्या घरात घडेल असे मला वाटत नाही. शॉकअप, म्हणजे चाकाचा दणका झेलणारा दांडा, घेताना दोन मापे लागतात. चाक खाली लोंबत असताना तो ताणून किती लांब होतो हे एक, आणि गाडी ओझ्याने दबली की किती आखूड होतो हे दुसरे. मीसुद्धा सीट शिवताना रिकामी मोजते आणि वर माणूस बसवून मोजते. मुलगा कामावर गेल्यावर भाऊजी आले, गाडी जॅकवर उचलली आणि लांब माप घेऊन गेले. रविवारी मुलाने डिकीत वाळूची पोती भरली, गाडी दाबली आणि आखूड माप घेतले. दुसरे माप कोणाकडे आहे हे दोघांनाही माहीत होते. विचारायचे कोणी? उरलेले माप दोघांनीही अंदाजाने ठोकून दिले आणि आपापल्या पसंतीचा संच मागवला.

भाऊजींचे तेलाचे आले. उचललेल्या गाडीला ते बरोबर लागले, पण गाडी दबली की आतून टेकायचे. म्हणजे चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये सरळ लोखंडी दांडा ठोकल्यासारखेच. मुलाचे गॅसचे आले. ते उभ्या गाडीला बसले, पण चाक खड्ड्यात उतरले असते तर ताण बसून उपटून आले असते. परत करणे म्हणजे हार मानणे, म्हणून दोन्ही खोकी शेडमध्येच राहिली. जुने मेलेले शॉकअप पुन्हा चढवले गेले.

मी वाट बघत राहिले. आज ना उद्या एक जण दुसऱ्याला विचारेल असे मला वाटत होते. माझी पाठ मात्र वाट बघत नव्हती. शेवटी मीच दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “ताई, दोन्ही मापं द्या, तुम्हाला मऊ चालणारे पाठवतो. तेल की गॅस, ते माझ्यावर सोडा.”

मी भाऊजींना फोन करून लांब माप विचारले. ते म्हणाले, “त्याने विचारायला सांगितलं का?” मी म्हटले, “नाही हो, मीच विचारतेय.” मग दिले. रात्रीच्या जेवणाला मुलाला आखूड माप विचारले. तो म्हणाला, “काकांना हवंय का?” त्यालाही तेच उत्तर दिले. एवढेसे काम होते. घास तोंडात असतानाच झाले.

गाडी जुनी, माल दुरून यायचा, त्यात बरेच दिवस गेले. तिसरे खोके आले तेव्हा दोघेही शेडमध्ये होते. भाऊजींनी शॉकअप हातात घेतला, ताणला, दाबला. मुलाने त्यांच्या हातातून घेऊन तेच केले. भाऊजी म्हणाले, “हेच.” मुलगा म्हणाला, “हो, हेच.” माझ्यामार्फत न बोललेले एवढेच शब्द मी चार वर्षांत ऐकले. सून माझ्याकडे बघून हसली. रविवारी बसवायचे ठरले.

शुक्रवारी नवा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, “आता बसायचं नाही. आडवंच राहायचं.”

मुलाने विचारले, “एकदम हळू नेलं तर?”

“गाडीचं सोडा, खुर्चीतसुद्धा बसायचं नाही.”

त्या दिवशी घरी परतल्यावर दोघे थेट बोलले, अगदी समोरासमोर, ओरडून. उशीर कोणामुळे झाला यावर. मी भिंतीपलीकडे पडून ऐकत होते. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. त्यानंतर पुन्हा अबोला.

मी इथे मोठे मन दाखवणार नाही. मी दोघांनाही माफ केलेले नाही. दोघे माझ्यावर जीव टाकतात हे मला कळते, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटते; परक्याने केले असते तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. मला मरणाची भीती वाटते. पण त्याहून जास्त मी थकले आहे. छताकडे बघत मी काळीचा आवाज ऐकते. दर रविवारी मुलगा ती चालू करतो, शेड थरथरते, मग तो ती बंद करतो आणि ती कुठेच जात नाही.

तर वाटणी अशी. काळी मुलाला द्यावी. जुने स्टिअरिंग भाऊजींकडेच राहावे, ते कोणी मागू नये. चुकीच्या मापाची दोन्ही खोकी ज्याची त्याने न्यावी. तिसरे खोके, बरोबर मापाचे, भाऊजींना द्यावे. म्हणजे गाडी एकाकडे आणि तिचे शॉकअप दुसऱ्याकडे. यामुळे दोघे एका जागी बसतील अशी माझी अपेक्षा नाही, तेवढी भाबडी मी आता राहिलेले नाही. खोके भाऊजींच्या माळ्यावर गंजेल हेच जास्त शक्य आहे. पण दुसरी कोणती वाटणी मला न्यायाची वाटली नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानाच्या बाईंनी करावी. त्यांना मी विचारले आहे. त्या आधी रडल्या आणि मग हो म्हणाल्या. त्यांचा शब्द शेवटचा मानावा, विशेषतः पुढच्या कलमाबाबत.

७. मी गेल्यावर मला न्यायला दवाखान्याची गाडी बोलावू नये. मला काळीतून न्यावे. माझी पुढची सीट चार नटांवर आहे, ती काढावी. मागच्या बाकाची पाठही निघते, म्हणजे डिकीपर्यंत सरळ जागा मोकळी होते. त्यात माझ्या उंचीचे माणूस जरा तिरपे ठेवले की मावते. सीटा बसवताना मी त्या जागेत आडवी होऊन पाहिले आहे. गाडी मुलाने चालवावी. भाऊजींनी मागे, माझ्या पायाशी बसावे. दोघांनी बोललेच पाहिजे असे नाही.

लांब पडले तरी टेकडीवरच्या वळणावरून न्यावे. तिथे इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ थांबावे.

त्यासाठी नवे शॉकअप बसवू नयेत. जिवंतपणी झाले नाही ते मेल्यावर धावपळ करून कोणी करायचे नाही. मी ते चालवून घेणार नाही. जुने, मेलेलेच राहू द्यावेत. आणि रस्त्यात खड्डे आले तर मुलाने गाडी हळू घेऊ नये. बेधडक जावे. मला आता काही दुखणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचून पाहिला, आणि तो मला मान्य आहे. सही पडल्या पडल्या केल्यामुळे वाकडी आली आहे, तरी ती माझीच समजावी.

सही : (मृत्युपत्र करणारी)

आम्ही खाली सह्या करणारे असे लिहून देतो की या बाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली, त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्या वेळी त्यांचे भान शाबूत होते, आणि आमच्या चहाची चौकशीही त्यांनीच केली. मृत्युपत्राने ज्यांना काही मिळते त्यांपैकी कोणीही सहीच्या वेळी खोलीत नव्हते. सून चहा टाकायला गेल्या होत्या. मुलगा दुकानात बसला होता, दीर शेडमध्ये.

साक्षीदार १ : (सही) उपचार करणारे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) दुकानाशेजारचे चावीवाले

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : १७ ऑगस्ट, रविवार