मुठीतला अंगठा

९ जानेवारी

नवं गाव, नवी नोकरी, दोन खोल्या. खिडकीतून कामाची जागा दिसते, म्हणजे उशीर झाला तर थाप मारायची सोय नाही. सामान सोबत राहायला आलेल्या ताईनेच लावलं. तिच्या मते मी वस्तू ठेवत नाही, हरवते.

माझ्या लेकीने, मुंगीने, घरातलं प्रत्येक दार उघडून पाहिलं, सायकलवरून पडल्यापासूनचा डावा पाय किंचित घासत. आत पाऊल टाकण्याआधी ती अंगठा मुठीत लपवते. सात वर्षांची झाली, पुढचा दात पडला, तरी ही सवय आहे. आणि अजून कालला उद्या म्हणते. आपण उद्या ट्रकमधून आलो ना, असं जेवताना विचारत होती. ताई म्हणते, सुधार तिला, शाळेत हसतील. मी सुधारत नाही. तेवढंच एक तिचं बाळपण उरलंय.

हे लिहिताना पेनाचं टोपण दातात आहे. ताई म्हणाली, घरात शेळी पाळायचा खर्च वाचला.

११ जानेवारी

कामाची जागा म्हणजे मुलांच्या करमणुकीचा बंद पडलेला हॉल. रंगमंचावर माणसाएवढे तीन यांत्रिक प्राणी. बोकडमामा ढोल बडवतो, बगळेकाका मान फिरवतात, कासवआत्या झुलत्या खुर्चीत बसून गोष्ट सांगते. वर रबर, आत मोटारी आणि वायरी. हॉलच्या मालकाने, ज्याला सगळे दादा म्हणतात, या तिघांना घेऊन भयमालिका काढली आहे. इंटरनेटवर लाखो लोक बघतात.

दादाची पद्धत अशी: गोष्ट कुणी लिहायचीच नाही. प्रत्येक भागात एक खूण सोडायची. प्रेक्षक तिच्यावरून तर्क लढवतात: कोण कुणाचं, आत काय दडलंय. ज्या तर्कामागे जास्त लोक, तो पुढच्या भागात खरा. माझं काम तर्क वाचायचे, कुठला पुढे आहे ते सांगायचं आणि नवी खूण सुचवायची. आपण दार किलकिलं ठेवायचं, दादा म्हणाला, आत कोण आहे ते त्यांना ठरवू दे.

इतकी वर्षं मी वर्गात कथा शिकवल्या. कथा न लिहिणं किती सोपं आहे.

१५ जानेवारी

तर्क वाचताना वेळ कसा जातो कळत नाही. एकाने निबंधच लिहिलाय की बगळेकाका म्हणजे दोन माणसं, कारण दोन्ही गुडघे वेगवेगळे वाकतात. डागडुजी करणाऱ्या मिस्त्रींना सांगितलं तर हसून हसून खाली बसले. एक गुडघा म्हणे जुन्या कपडे धुवायच्या मशीनचा आहे.

तो तर्क जिंकला, भाग निघाला. तेव्हापासून वायर काढून ठेवली तरी बगळेकाका एका पायावरून दुसऱ्यावर भार घेतात, असं मिस्त्री म्हणतात. मी म्हटलं, नवीन बाई बघून फेकताय. त्यांनी नाकारलं नाही.

२० जानेवारी

कासवआत्याच्या पाठीत एक मूल आहे, असा तर्क जोरात आहे. ज्या तर्कवाल्याला सगळ्यात जास्त मान आहे, ज्याला बाकीचे घुबड म्हणतात, त्यालाही तो पटलाय. दादाला मुलाची खूण हवी होती, दुपारपर्यंत. मला काही सुचेना. मग मुंगी आठवली.

मिस्त्रींनी एक तार ओढून बसवली. आता दार वाजलं की कासवआत्या अंगठा मुठीत घेते.

दादाने तीनदा दार वाजवून पाहिलं. मग म्हणाला, हे कुठून काढलंस. मी म्हटलं, सुचलं.

२४ जानेवारी

तर्कांचा पूर आलाय. मूल म्हणजे मुलगी आहे, सहा-सात वर्षांची. घाबरली की अंगठा लपवते. पुढचा दात पडलाय. डाव्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा व्रण आहे.

मी फक्त अंगठा दिला होता.

पण कुठल्या मुलाचा दात पडत नाही, आणि कुठलं मूल सायकलवरून पडत नाही. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यांना काही कामधंदे नाहीत का?

घुबडने आज भर घातली: ही मुलगी काल आणि उद्या यांत गफलत करते, कारण पाठीच्या आत खिडकी नाही.

हे मी ताईला वाचून दाखवलं नाही.

२९ जानेवारी

मुंगी शाळेच्या दारातून सरळ आत गेली. हात मोकळे. काल काय काय झालं ते तिने मला नीट सांगितलं, कालला काल म्हणून. बाईंनी निरोप पाठवलाय की मुलगी शांत झाली आहे, त्रास नाही. ताई खूश.

अंघोळीच्या वेळी तिचा डावा गुडघा पाहिला. व्रण नाही. पुसल्यासारखा. ताई म्हणाली, मुलांच्या कातडीवर काही टिकत नाही.

हॉलवर मिस्त्री कुरकुरत होते. कासवआत्याच्या डाव्या गुडघ्याचं रबर फाटून परत जुळलंय. जुळवलं कुणी, म्हणे, मी तर हात लावला नाही.

१ फेब्रुवारी

दादाला म्हटलं, हा तर्क थांबव. मुंगीचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ऐकताना तो टेबलावरची धूळ बोटाने गोळा करत होता. म्हणाला, आपण कुठे लिहितो, ते लिहितात. जरा दोन दिवस सुट्टी घे.

मिस्त्रींनी माझ्या आग्रहाखातर कासवआत्याची पाठ उघडली. मोटर, वायरी, कुणीतरी विसरलेली पाण्याची बाटली. मी आत हात घातला. मोटर बंद होती. आतून ऊब होती, झोपलेल्या मुलाच्या अंथरुणात असते तशी. मिस्त्रींनीही हात घालून पाहिला. या वेळी हसले नाहीत.

४ फेब्रुवारी

मुंगीने आज ताईला विचारलं की या बाई आपल्याकडे किती दिवस राहणार आहेत. माझ्याकडे बघून. अगदी नम्रपणे.

ताईने तिला रागावून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

दुपारी चित्रीकरण होतं. कासवआत्याचा आवाज नंतर भरतात, तिच्यातला जुना स्पीकर केव्हाच काढून टाकलाय. मी दारातून आत गेले तेव्हा तिने अंगठा मुठीत घेतला आणि विचारलं, आई उद्या आली होती का.

सगळ्यांनी ऐकलं. दादाने कॅमेरा बंद करू दिला नाही.

६ फेब्रुवारी

तर्कवाल्यांमध्ये खोट्या नावाने लिहिलं की आत कुणी नाही. उघड्या पाठीचा फोटो टाकला. मोटर, वायरी, बाटली.

ते म्हणतात, काही नाही तर दाखवायची गरज का पडली. बाटली कुणासाठी आहे.

मी गयावया केली. आत मूल नाही, कृपा करून असं म्हणू नका, असं लिहिलं. घुबडने उत्तर दिलं: असं फक्त आईच लिहील.

मुलीच्या तर्कामागे आणखी लोक गेले. पुढच्या भागात पाठ उघडणार आणि मुलगी दिसणार. मग ते पक्कं. मग मुंगी—

मुंगी खिडकीत बसली आहे. हाक मारली की वळते. एवढंच.

७ फेब्रुवारी

तर्क मरत नाही. खोडला की वाढतो. त्याला फक्त दुसरा, अधिक चांगला तर्क हटवू शकतो. हे मला वर्गातच कळायला हवं होतं.

सकाळी बसून तसा लिहिला आणि दुसऱ्या खोट्या नावाने टाकला. आत मुलगी नाही. आत तिची आई आहे. मुलगी सुखरूप आहे, बाहेर आहे. आईला तिची आठवण येते म्हणून ती मुलीसारखा अंगठा लपवते, मुलीसारखं उद्या म्हणते. व्रणसुद्धा तिने स्वतःच करून घेतला. सगळ्या खुणा बसतात. एकही उरत नाही.

मग मिस्त्रींना माझी खूण सांगितली. कासवआत्याच्या दातात पेनाचं टोपण.

मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातल्या टोपणाकडे. म्हणाले, बाई, मी हे बसवणार नाही. शेवटी ते मीच माझ्या हाताने बसवलं.

१० फेब्रुवारी

लोकांना पटतंय. पुष्कळांना रडू आलं म्हणे.

शाळेच्या दाराशी मुंगी थबकली. अंगठा मुठीत. मागे वळून मला म्हणाली, आई, तू उद्या मला न्यायला का आली नाहीस. मी रस्त्यात खाली बसले. गुडघा पाहिला. व्रण आहे. आहे.

ताईला सगळं सांगितलं. मला काही झालं तर मुंगी तुझी. ती म्हणाली, वेड लागलंय तुला. मग माझा हात हातात घेतला आणि सोडला. कातडी जाड झाली आहे. बोटं मिटतात, उघडताना आवाज होतो.

१२ फेब्रुवारी

घुबड माझ्या बाजूने आला. तर्क जिंकला. आज पाठ उघडून दाखवणार.

पण त्याने शेवटी एक जोडलंय. आई आत आहे हे मुलीला कळेल. ती येऊन हाक मारेल. आईने ओ दिली की मुलगी आत जाईल—आणि मग दोघी—

त्यांना हेही आवडलंय.

ताईला निरोप—तिला इथे आणू नकोस—पेन धरवत नाही—

तारीख माहीत नाही

खिडकी नाही. वही मांडीवर. वळायला जागा नाही. टोपण दातात आहे.

खुर्ची झुलते. मी झुलवत नाही.

बाहेर ताईचा आवाज. मिस्त्रींवर ओरडते आहे, बहीण कुठे आहे माझी.

आणि तिची पावलं. एक पाय किंचित घासत. माझी मुंगी—

हाक मारते आहे.

ओ द्यायची नाही. ओ दिली तर तर्क खरा. दात दाबून धरायचे. टोपण तुटलं तरी—

पाठीवर हात ठेवलाय तिने. छोटा. अंगठा बाहेर. घाबरलेली नाही.

विचारते आहे, आई, तू उद्या—

ओ द्यायची नाही ओ द्यायची नाही ओ—