जूनपर्यंत थांबायचं

ॲलनडेल, फेब्रुवारी

प्रिय एडन,

बाग तू लंडनला गेलास तेव्हा होती तशीच आहे. डेलियाचे काळे बुडखे, फ्यूशियाच्या झुडपाच्या करड्या काड्या. शेजारची हिल्डा परवा कुंपणावरून म्हणालीच, "विनी, कापून टाक की गं ते सगळं! बाग आहे का स्मशान?" पण हिवाळ्यात वाळलेली काडी कापायची नाही, तीच खालच्या मुळाचं पांघरूण; आणि जून येईपर्यंत कुठल्याच झाडाला मेलं म्हणायचं नाही, हा तुझ्या बाबांचा नियम.

सोळा वर्षांचा होतास. त्यांना खूश करायला भर मे महिन्यात ती 'मेलेली' फ्यूशिया खणून काढलीस आणि मुळाशी हिरवा कोंब निघाला. "तू जिवंत माणसालाही पुरशील," म्हणाले. तू ते विसरला नाहीस, मला ठाऊक आहे. ते विसरले, आता बरंच काही विसरतात. पण त्याच जागी त्यांनी दुसरी फ्यूशिया लावली आणि तिला 'एडनची' म्हणतात, हे तुला आम्ही कधी सांगितलंच नाही.

गेल्या रविवारी छान ऊन पडलं. मी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेले होते. बाबांना वाटलं, वसंत आला. वाफ्यांवरचा पेंढा, वाळलेला नेचा, सगळं उचलून त्यांनी ओढ्यात टाकलं. मग वारा फिरला, तेव्हा चूक कळली असावी. मी परतले तर ते मातीत गुडघे टेकून बसलेले, अंगात नुसता सदरा. कोट, स्वेटर, मफलर, सारं तुझ्या फ्यूशियाभोवती नीट खोचलेलं. ओठ निळे पडले होते. मला म्हणाले, "ओरडू नकोस, विनी. पोर झोपलंय."

न्यूमोनिया आहे, दोन्ही फुप्फुसांत. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं, हात हातात घेतला, तेव्हाच मी ओळखलं. तुला फोनवर मी नुसतं "बाबांना बरं नाही" म्हणाले. पुढचं तोंडातून निघेना, म्हणून हे लिहिते आहे. काम आटोपून जूनमध्ये लंडनहून येतो, म्हणालास. तुझा निरोप मी त्यांना सांगितला. प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून म्हणाले, "शहाणा झाला. त्याला सांग, जूनपर्यंत थांब. घाई करायची नाही." बाळा, त्यांचं ऐकलं नाहीस म्हणून जन्मभर बोलणी खाल्लीस. आता एवढ्या एका वेळी त्यांचं ऐकू नकोस.

वाट पाहणारी, तुझीच
आई