वहिनींच्या आवाजाच्या चार प्रती

प्रिय मित्र श्रीकांत यास कोलकात्याहून सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत (कुसुमचा गुडघा सोडून, त्याचा कारभार स्वतंत्र आहे). अनुराधावहिनींच्या घशाच्या ऑपरेशननंतर आता धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले हे वाचून जीव भांड्यात पडला. पण आवाज पूर्वीसारखा येणार नाही, त्या कुजबुजल्यासारखं बोलतात आणि चार माणसांत तर तोंडच उघडत नाहीत, हे तू लिहिलंस ते आम्हाला फार लागलं. उत्तर लिहायला बसलो. तेवढ्यात आमचा कॉम्प्युटर आजारी पडला.

आजार असा, की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येतो आणि डिस्कमधली जागा संपत आली म्हणून सांगतो. (आधी वाटलं, नुसती सूचना आहे. मग तो सुखाने चहासुद्धा पिऊ देईना.) मी साफसफाई काढली. आता तू कस्टममधला, खिदिरपूरच्या गोदीत लोकांचा माल अडवण्यात तुझी हयात गेली. मी पडलो बँकेतला. प्रत ठेवल्याशिवाय कागद नष्ट करायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. म्हणून प्रत्येक फोल्डर पुसण्याआधी मी त्याची प्रत काढून त्याच डिस्कवर 'जुने' या नावाने ठेवली. मग मूळ फोल्डर पुसायला हात होईना, म्हणून तोही राहिला. चौकोन काही हटेना, तेव्हा 'जुने'ची प्रत 'जुने सुरक्षित'मध्ये आणि त्याची 'शेवटचे'मध्ये. कुसुम म्हणाली, तुम्ही केर या खोलीतून त्या खोलीत नेता आणि वर त्याला कुलूप लावता. शेजारचे दासबाबू येऊन बघून गेले आणि "शब उडिये दिन, दादा" म्हणाले, म्हणजे सगळंच उडवून टाका. (त्यांच्या स्वतःच्या माळ्यावर लग्नाआधीच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत.)

शेवटी आमच्या आभाने बंगळूरहून फोनवर सांगितलं, "बाबा, साइजप्रमाणे लावा ना, सगळ्यात मोठं आधी दिसेल." तसं लावलं, तर सगळ्यात वर तू. तुझं गणेशोत्सवातलं नाटक, चार प्रतींत.

हो, तेच. तुझी नागपूरला बदली झाल्यापासून दर फोनवर जे पुसून टाक म्हणून बजावतोस, ते. तू राजा, झोकात दरबारात येतोस आणि पहिल्याच वाक्याला गप्प. विंगेतून वहिनी वाक्य सांगतात, मग तू ते म्हणतोस. माइक नेमका विंगेला लागून, त्यामुळे राजाज्ञा आधी वहिनींच्या खणखणीत आवाजात सुटते आणि मग तुझ्या. मध्येच त्या "अहो, घाम पुसा" म्हणतात, आणि तू तलवारीच्या मुठीवर हात ठेवून दरबाराला गर्जून सांगतोस, "अहो, घाम पुसा." त्यावर आपल्या मंडळाचा हॉल जो हसला आहे, त्या हसण्यात बदल्या होऊन गेलेली एकेक माणसं ओळखू येतात.

मी खरंच पुसायला बसलो होतो. पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून लावलं, तर कुसुम स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली (गुडघा विसरून). "अनुचा फोन आलाय? बरा झाला तिचा आवाज?" तिने पडद्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत शेजारी बसली. नाटक आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. खूप हसलो आणि थोडं रडलो, तुला सांगायला लाज कसली.

तीन प्रती पुसल्या. चौथीला हात लावणार नाही. मैत्री तोडायची असेल तर खुशाल तोड. वहिनींना आमचा नमस्कार सांग.

तुझा
शरच्चंद्र

ता. क. ते नाटक याच पाकिटात पेनड्राइव्हवर पाठवतो आहे. आवाज मोठा करून वहिनींबरोबर बघ. (पाकिटात घालण्याआधी, असावी म्हणून कॉम्प्युटरवर आणखी एक प्रत काढली. चौकोन परत आला आहे.)

आणखी ता. क. एवढं सगळं लिहिलं ते खरं यासाठी. यंदाच्या गणपतीतलं नाटक वहिनींनी बसवावं, असा कुसुमचा हट्ट आहे आणि माझाही. दोघं या, आमच्याकडेच उतरा, हावड्याला मी घ्यायला येतो. आवाजाचं कारण त्यांना पुढे करू देऊ नकोस. त्यांनी हळू सांगायचं आणि तू ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, हे काम तुला काही नवं नाही. आणि मध्येच त्या "घाम पुसा" म्हणाल्या, तर तेही म्हण.